एकदा तरी आई होऊ दे, म्हणे!

‘हिला एकदा तरी आई होऊ दे. मग करू ऑपरेशन.’

मी कुत्र्यांचे केस कापते. पुण्यात, बहुतेक वेळा लोकांच्या घरी जाऊन. आठवड्यातून एकदा तरी हे वाक्य माझ्या कानावर पडतं. बोलणारी माणसं वाईट नसतात. ती मला चहा विचारतात, कुत्रीला सोफ्यावर झोपू देतात, तिच्या वाढदिवसाला केक आणतात. वाक्यही मायेनंच बोलतात, त्यामुळे त्याच्यावर कोणी वाद घालत नाही. मला घालायचा आहे. कारण छोट्या कुत्र्यांच्या बाबतीत, विशेषतः यॉर्कशायर टेरियरसारख्या तीन किलोच्या जिवाच्या बाबतीत, याच्याइतकं महाग वाक्य मला दुसरं माहीत नाही. बोलतो एक, बिल भरतं दुसरंच कुणीतरी. आणि त्या दुसऱ्याला बोलता येत नाही.

माझं म्हणणं आधीच स्पष्ट सांगते, म्हणजे शेवटपर्यंत वाट बघायला नको. फ्लॅटमध्ये हौसेनं, ओळखीतला नर बघून, ‘एकदाच’ म्हणत छोट्या टेरियरची पिल्लं काढणं आपण बंद केलं पाहिजे. ज्यांना हे काम खरंच करायचं आहे त्यांनी ते काम म्हणून करावं, त्याची किंमत मोजून. मधला मार्ग नाही. मधल्या मार्गाला सध्या आपण ‘घरगुती’ म्हणतो.

‘घरगुती’ नावाचा शिक्का

मराठी माणसाला ‘घरगुती’ या शब्दापुढे काही सुचत नाही. घरगुती मसाला, घरगुती लोणचं, घरगुती खानावळ. शब्द कानावर पडला की आपण लेबल वाचायचं सोडून देतो. लोणच्याच्या बाबतीत ते चालतं. बिघडलं तर बरणी फेकता येते.

तोच शब्द आता पिल्लांना लागला आहे. ‘घरी वाढलेली पिल्लं, दुकानातली नाहीत.’ व्हॉट्सॲपवर फोटो येतो. टोपलीत चार काळी-तपकिरी पिल्लं, मागे दिवाणाची चादर, कोपऱ्यात कुणाचा तरी पाय. फोटो खराब असतो म्हणून तो खरा वाटतो. काचेच्या पेटीतल्या पिल्लाकडे बघून मनात प्रश्न तरी येतात. चादरीवरच्या पिल्लाकडे बघून फक्त ‘ऑ’ येतं.

पण या घरात नेमकं काय झालेलं असतं? कुणाकडे मादी असते. ती हीटवर आली की ग्रुपवर मेसेज पडतो, ‘यॉर्की मेल हवा, मेटिंगसाठी.’ दुसऱ्या उपनगरातून नर येतो. नराचा मालक पैसे घेतो, नाहीतर एक पिल्लू घेतो. दोन्ही कुत्र्यांच्या गुडघ्याच्या वाट्या कुणी तपासलेल्या नसतात, यकृताची रक्ततपासणी झालेली नसते. दोघांचे आजी-आजोबा एकच आहेत का, हेही कुणी विचारलेलं नसतं. ‘पेपर आहेत’ असं सांगितलं जातं. पेपर म्हणजे बहुतेक वेळा केनेल क्लब ऑफ इंडियाचं नोंदणीपत्र. ते असेल तर चांगलंच आहे, त्यावरून वंशावळ कळते. पण वंशावळ म्हणजे तब्येतीचा दाखला नव्हे. जन्मदाखल्यावरून कुणाला मधुमेह आहे का ते कळतं का?

मग गणित मांडलं जातं. समजा चार पिल्लं झाली, प्रत्येकी ४० हजार, म्हणजे १ लाख ६० हजार. या गणितात मादी कुठे आहे ते शोधून बघा. ती ‘घरची’ आहे, त्यामुळे तिचा खर्च धरायचा नसतो. घरच्या बाईच्या श्रमांचा हिशेब जसा आपण कधी धरत नाही, तसाच.

उंदीर मारणारं कुत्रं

ज्या जिवाबद्दल बोलतोय तो मूळचा कोण, हेही थोडं बघू.

‘टेरियर’ हा शब्दच मातीवरून आलेला आहे. बिळात शिरून, माती उकरून शिकार बाहेर काढणारं कुत्रं ते टेरियर. यॉर्की हे त्यातलं कामगार वस्तीतलं पोर. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमधले विणकर कामाच्या शोधात इंग्लंडमधल्या यॉर्कशायर आणि लँकेशायरच्या गिरण्यांकडे आले, त्यांच्याबरोबर त्यांची छोटी टेरियर कुत्रीही आली. गिरण्यांत उंदीर होते, खाणींत उंदीर होते, त्यामुळे कुत्र्यांना काम होतं. १८६५ मध्ये जन्मलेला हडर्सफील्ड बेन हा कुत्रा या जातीचा मूळपुरुष मानला जातो. आज ज्या कुत्रीला आपण गुलाबी क्लिप लावतो तिचा पूर्वज कापड गिरणीतला उंदीर-मारू होता. गिरणगावाचा इतिहास असलेल्या आपल्याला तरी हे नातं लगेच कळायला हवं.

लहान म्हणजे लेचंपेचं असंही नाही. दुसऱ्या महायुद्धात न्यू गिनीच्या जंगलात अमेरिकन सैनिकांना एक यॉर्की सापडली. तिचं नाव स्मोकी ठेवलं. वजन जेमतेम १.८ किलो. फिलिपिन्समधल्या लिंगायेन आखाताजवळ धावपट्टीखालून टेलिफोनची तार न्यायची होती, तेव्हा ही पठ्ठी सुमारे २१ मीटर लांबीच्या अरुंद पाइपातून तार ओढत पलीकडे गेली. खणून काढायचं तर धावपट्टी काही दिवस बंद राहिली असती.

हे सांगायचं कारण असं की ‘खेळण्यासारखं गोड’ म्हणून जे विकलं जातं ते खेळणं नाही. ते पालीच्या मागे धावेल, कुंडीतली माती उकरेल, लिफ्टचा आवाज आला की भुंकेल, आणि लॅब्राडोरला अंगावर घेईल. याच्यासाठीच ते घडवलं गेलं. विकणारा हे सांगत नाही. सहा महिन्यांनी मालक मला विचारतात, ‘ताई, ही एवढी का भुंकते हो?’ टेरियर आहे. मांजर हवं होतं तर मांजर आणायचं.

आईपणाचा हिशेब

आता त्या वाक्याकडे येऊ. एक पिल्लावळ झाली की मादीची तब्येत सुधारते, ती शांत होते, तिला ‘पूर्णत्व’ येतं, असं आपल्याकडे सर्रास मानलं जातं. याला वैद्यकीय आधार नाही. एकदा व्याल्यानं कुत्रीला कुठल्याही आजारापासून कायमचं संरक्षण मिळत नाही. ज्या आजाराची खरी भीती असते तो म्हणजे पायोमेट्रा, गर्भाशयात पू होणं. तो साधारणपणे हीट संपल्यानंतरच्या काही आठवड्यांत होतो. कुत्री मलूल होते, सारखं पाणी पिते, कधी खालून स्राव येतो, कधी येतही नाही. वेळेत कळलं नाही तर जीव जातो. व्यालेल्या कुत्रीलाही तो होतो. त्याच्यावरचा खात्रीचा प्रतिबंध एकच, तेच ऑपरेशन, जे आपण ‘मग करू’ म्हणत पुढे ढकलतो.

राहिली गोष्ट इच्छेची. कुत्रीला हीट येते, तेव्हा तिला नर हवासा वाटतो, हे खरं. पण हीट उतरल्यावर ती खिडकीत बसून ‘आपल्याला मूल झालं नाही’ असा विचार करत नाही. तो विचार आपला आहे. आपल्या घरात लग्न झालेल्या मुलीला, वहिनीला, मावशीला जे वाक्य ऐकवलं जातं तेच आपण जरा हळुवार आवाजात कुत्रीला ऐकवतो. ‘एकदा होऊ दे, मग बघ कशी सेटल होते.’ ज्या मुली हे वाक्य स्वतःबद्दल ऐकून संतापतात त्याही कुत्रीबद्दल ते बोलताना मी ऐकल्या आहेत. बाईला निदान नाही म्हणता येतं, भांडता येतं, घर सोडता येतं. तीन किलोची कुत्री काय करणार?

आणि या ‘एकदा’मध्ये काय काय येतं ते सांगते, कारण पिल्लांच्या फोटोत ते दिसत नाही.

गर्भारपण साधारण ६३ दिवसांचं. शेवटच्या आठवड्यात एक्स-रे काढून पिल्लं किती आहेत ते मोजावं लागतं, नाहीतर आत एखादं अडकलंय की सगळी बाहेर आली हे कळणार कसं? छोट्या जातींत पिल्लं थोडी असतात. एकच पिल्लू असेल तर ते पोटात मोठं होतं आणि आईचा कटिभाग असतो लहान. मग रात्री दोन वाजता सिझेरियन. रात्री दोन वाजता उघडा असणारा, छोट्या कुत्रीला भूल देण्याची सवय असलेला डॉक्टर तुमच्या भागात आहे का? नर शोधण्याआधी हा शोध घेतलेला माणूस मला क्वचितच भेटलाय.

व्याल्यानंतर दुसरा धोका. दूध पाजताना छोट्या मादीच्या रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरू शकतं. ती थरथरते, धापा टाकते, पाय ताठ होतात, ताप चढतो, मग झटके. त्या वेळी शिरेतून कॅल्शियम मिळालं नाही तर खेळ खलास. गंमत अशी की गर्भारपणात प्रेमापोटी कॅल्शियमचं सिरप पाजत राहिलं तर हा धोका वाढतो, कारण हाडांतलं कॅल्शियम गरजेला बाहेर काढण्याची शरीराची सवय मोडते. ‘आमच्या सुनेला पण दिलं होतं’ म्हणून कुत्रीला सिरप देणारं घर मी पाहिलं आहे. माया होती. माहिती नव्हती. कुत्रीच्या रक्ताला यातला फरक कळत नाही.

पिल्लांचं वजन जन्माच्या वेळी शंभर ग्रॅमच्या आसपास. म्हणजे बटरची छोटी वडी. पहिले काही दिवस त्यांना स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही, आईनं चाटल्याशिवाय शी-शू करता येत नाही. रोज स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करायचं. वाढलं नाही तर दर दोन-तीन तासांनी हातानं दूध पाजायचं, रात्रीसुद्धा. पुढे दात आल्यावरही एखादं जेवण चुकलं की इतक्या छोट्या पिल्लाची साखर उतरते आणि ते लटपटत कोसळतं. ज्यांना हे पेलतं त्यांच्याबद्दल मला आदर आहे. ज्यांना आठ तासांची नोकरी आणि तासभराचा ट्रॅफिक आहे त्यांनी हे ‘एकदाच’ म्हणून अंगावर घेऊ नये.

टीकप म्हणजे काय रे भाऊ?

इन्स्टाग्रामवर गेलात की ‘टीकप यॉर्की’ दिसेल. कपात बसवलेलं पिल्लू. २००३ च्या सुमारास हचच्या जाहिरातीत एक पग मुलाच्या मागे मागे चालला आणि घराघरात पग आले. त्यांना नीट श्वास घेता येतो का, हे मागाहून कळलं. टीकपचं तेच चाललंय, फक्त टीव्हीच्या जागी रील आलंय.

टीकप नावाची जात नाही. कुठल्याही जबाबदार केनेल क्लबच्या यादीत हा आकार नाही. यॉर्कीचं वजन इंग्लंडच्या मानकानुसार ३.२ किलोपर्यंत असावं. टीकप म्हणजे त्याहून खूप खाली ओढलेलं कुत्रं. ते तीन पद्धतींनी मिळतं. एक, पिल्लावळीतलं सगळ्यात दुबळं पिल्लू वेगळं काढायचं आणि त्याचा भाव वाढवायचा. दोन, अशाच दोन खुरट्या कुत्र्यांचा संकर करायचा. तीन, सहा आठवड्यांचं पिल्लू आठ-दहा आठवड्यांचं सांगून विकायचं, किंवा त्याला कमी खायला घालायचं. ‘मोठी झाल्यावर पण एवढीच राहील’ याचा अर्थ बऱ्याचदा ‘मोठी होईल की नाही सांगता येत नाही’ असा असतो.

बाजार इथे उलटा चालतो. आंबा छोटा निघाला तर भाव पडतो. यॉर्की छोटी निघाली तर भाव चढतो. जी लक्षणं डॉक्टरला चिंतेची वाटतात तीच विकणाऱ्याला मालाची प्रत वाटतात. या जातीत यकृताला वळसा घालून जाणारी रक्तवाहिनी जन्मतः असण्याचं प्रमाण इतर जातींपेक्षा बरंच जास्त आहे. अशा पिल्लाचं यकृत रक्त शुद्ध करू शकत नाही. ते वाढत नाही, जेवल्यावर भ्रमिष्टासारखं वागतं, कधी झटके येतात. म्हणजे ते छोटं राहतं कारण ते आजारी असतं. आणि छोटं राहतं म्हणून जास्त पैशाला जातं! यापेक्षा स्वच्छ शब्दांत या धंद्याची नीती सांगता येणार नाही.

याच्या जोडीला गुडघ्याची सरकणारी वाटी. चालता चालता मध्येच एक पाय उचलून लंगडी घालणारी यॉर्की पाहिली असेल. लोक तिचं रील काढतात, ‘बघा कशी नाचते!’ ती नाचत नाही. तिची वाटी जागेवरून सरकलेली असते. मान ओढली की बदकासारखा खोकला येणारी कुत्रीही असते. तिची श्वासनळी दबते आहे, म्हणून पट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस हवा. दुधाचे दात न पडल्यानं दातांची दुहेरी रांग, त्यात अडकलेलं अन्न आणि चार-पाच वर्षांत हलणारे दात. हे सगळं वाचून यॉर्की घेऊच नये असं वाटलं तर माझी हरकत नाही. पण माझा मुद्दा वेगळा आहे. यातल्या बऱ्याच गोष्टींचा धोका आई-बापांची निवड नीट केली तर कमी करता येतो. ‘ओळखीतला नर’ ही निवड नव्हे.

केस खोटं बोलत नाहीत

माझं काम केसांचं, त्यामुळे घर कसं आहे हे मला कुत्र्याच्या काखेत कळतं.

यॉर्कीला इतर बऱ्याच कुत्र्यांसारखी आतली मऊ लोकर नसते. एकपदरी, रेशमी केस असतात, आपल्यासारखे सतत वाढणारे. म्हणून ‘केस गळत नाहीत’ अशी जाहिरात होते. त्या जाहिरातीचा उरलेला अर्धा भाग असा की जे गळत नाही ते गुंततं. रोज विंचरावं लागतं, आणि वरवर नाही, मुळापासून, भाग पाडून. आधी स्लिकर, मग स्टीलचा कंगवा. कंगवा मुळापासून टोकापर्यंत अडखळत नाही तोवर काम झालं नाही. कोरडे केस ओढून विंचरले तर तुटतात, म्हणून आधी कंडिशनर मिसळलेल्या पाण्याचा फवारा. तीन-चार आठवड्यांनी आंघोळ, तीही गुंता काढून मगच, कारण ओला गुंता वाळला की नमदा होतो.

पावसाळ्यात माझ्याकडे येणारी कुत्री बघा. कानामागे, काखेत, मांडीच्या आत जटा. खाली कातडी लाल, ओलसर, वास येणारी. या जटा प्रत्येक पावलाला कातडी ओढतात. तुमची वेणी कुणीतरी दिवसभर धरून ठेवली आहे अशी कल्पना करा. मग ‘झिरो मारून टाका’ म्हणतात. मी मारते, कारण दुसरा इलाज नसतो. पण त्या खाली जे दिसतं ते मालकाला दाखवते. उन्हाळ्यात थंड वाटावं म्हणून दरवर्षी मशीन फिरवायची गरज नसते. नीट राखलेला, दोन-तीन सेंटिमीटरचा साधा कट आपल्या हवेत उत्तम. जमिनीला लोळणारे केस हे प्रदर्शनातल्या कुत्र्याचे. ते टिकवायला केसांच्या बटा कागदात गुंडाळून बांधतात आणि दिवसाआड सोडवून पुन्हा बांधतात. फोटो बघून मागू नका.

ब्रीडिंगशी याचा संबंध काय? फार जवळचा. घरात पिल्लं वाढवण्याचा खरा फायदा जर काही असेल तर तो हाच की माणसाच्या हातांची सवय त्यांना वेळेत लागते. तिसऱ्या आठवड्यापासून रोज दोन मिनिटं पंजे हातात घ्यायचे, कानात बघायचं, ओठ उचलून दातांना बोट लावायचं, मऊ ब्रश फिरवायचा, लांबून ड्रायर चालू ठेवायचा. साधारण तीन ते चौदा आठवडे हे वय असं असतं की जे ओळखीचं होतं ते आयुष्यभर ओळखीचं राहतं. हे केलेलं पिल्लू मला टेबलावर दोन मिनिटांत कळतं. ते जांभई देतं. न केलेलं पिल्लू थरथरतं, चावतं, आणि मग मालक म्हणतात, ‘ग्रूमिंगवाल्या बाईनं काहीतरी केलं.’

‘घरी वाढलेली’ म्हणून विकलेल्या किती पिल्लांनी जांभई दिली म्हणता? बोटावर मोजण्याइतकी.

या सगळ्यात मला न विसरता येणारी एक कुत्री आहे. सात वर्षांची यॉर्की. आधीच्या घरातून ‘फ्री ॲडॉप्शन’ म्हणून आली होती, कारण तिच्यापासून आता पिल्लं होणार नव्हती. नव्या घरातल्या मुलीनं तिला माझ्याकडे आणलं. पोटावर सिझेरियनच्या एकाहून जास्त खुणा, सड लोंबलेले, तोंडात मोजून सहा दात, शेपटीखाली जटांचा दगड. मी नाव विचारलं. मुलगी म्हणाली, ‘त्या घरात हिला मम्मी म्हणायचे. दुसरं नाव ठेवलंच नव्हतं.’

आईपणाचा एवढा गौरव केल्यावर वेगळं नाव कशाला हवं?

मग कुत्रं आणायचं कुठून?

इथे समोरच्याचा प्रश्न येतो आणि तो रास्त आहे. ‘घरी नको, तर कुठे? दुकानांतून आणि पिंजऱ्यांच्या फॅक्टरीतून?’ मुळीच नाही. उलट पिल्लू वाढायला घरासारखी जागा नाही. कुकरची शिट्टी, मिक्सर, दारावरची बेल, झाडू, पाहुण्यांची पोरं, हे सगळं शेडमधल्या पिंजऱ्यात मिळत नाही. घर लागतंच. पण नुसतं घर पुरत नाही. घर हा या कामाचा पत्ता आहे, पात्रता नव्हे.

पात्रता म्हणजे काय ते फार गूढ नाही. जोडी लावण्याआधी दोघांच्या गुडघ्यांची तपासणी आणि यकृतासाठी बाइल ॲसिडची रक्तचाचणी. मादी पुरेशी मोठी, अंगानं आणि वयानंही. पिल्लावळींच्या मध्ये पूर्ण विश्रांती. डॉक्टर आधी ठरलेला. पिल्लं दोन आठवड्यांची झाल्यापासून जंतांचं औषध, वेळेवर लस. इतक्या छोट्या जातीचं पिल्लू दहा-बारा आठवडे आईजवळ. आणि विकलेलं पिल्लू कुठल्याही वयात, कुठल्याही कारणानं परत घेण्याचं लेखी वचन. शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची. ज्याला परत घ्यायचं आहे तो विकताना दहा प्रश्न विचारतो. ज्याला नाही तो फक्त यूपीआयचा नंबर देतो. एवढं करून गणित मांडा. १ लाख ६० हजारांतलं काय उरतं? बहुतेक वेळा काही नाही. म्हणूनच चांगले ब्रीडर कमी असतात, आणि म्हणूनच त्यांच्याकडे थांबावं लागतं.

कायदाही आहे. २०१७ साली केंद्र सरकारनं कुत्र्यांची पैदास आणि विक्री यासाठी नियम केले. त्यानुसार ब्रीडरनं राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायचं नाही, दीड वर्षाखालच्या मादीकडून पिल्लं घ्यायची नाहीत, आयुष्यात पाचापेक्षा जास्त वेळा तिला व्यायला लावायचं नाही. ब्रीडर म्हणजे शंभर पिंजऱ्यांचा मालकच असं त्यात नाही. विक्रीसाठी पिल्लं काढणारी एकटी व्यक्तीही त्यात येते. माझ्या इतक्या वर्षांच्या कामात एकाही घरगुती ब्रीडरनं मला नोंदणीचा कागद दाखवलेला नाही. बहुतेकांना असा काही नियम आहे हेच माहीत नसतं. इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०२० पासून ‘ल्युसीज लॉ’ लागू झाला. पिल्लांच्या फॅक्टरीतून सुटका झालेल्या ल्युसी नावाच्या कुत्रीवरून हे नाव पडलं. तिथे आता सहा महिन्यांखालचं पिल्लू मधल्या दलालाकडून विकता येत नाही. घ्यायचं तर थेट ब्रीडरकडून, आईसोबत बघून, नाहीतर निवारा केंद्रातून. कायदा केला म्हणून तिथले सगळे लबाड सुधारले असं नाही. पण काय विचारायचं हे निदान गिऱ्हाइकाला कळलं.

आणखी एक आक्षेप नेहमी येतो. ‘आमची एक पिल्लावळ. तिनं काय एवढं बिघडतं?’ आकडा तुमचा एक असेल, पण चार पिल्लं चार घरांत जातात, त्यांतल्या माद्यांच्या मालकांनाही ‘एकदा तरी’ वाटतं, आणि न तपासलेल्या गुडघ्यांचा वारसा पुढे चालू राहतो. शिवाय ‘एकदाच’ म्हणणाऱ्या घरात पहिल्या पिल्लावळीचे पैसे आले की दुसरीचा विषय निघतोच. मी निघताना ऐकलाय.

रस्त्यावरचं कुत्रं दत्तक घ्या, असा उपदेश करून मी मोकळी होणार नाही. ते तुम्हाला माहीत आहे, आणि घेतलंत तर उत्तमच. पण एखाद्याला छोटंच कुत्रं हवं असतं. आजी घरी एकट्या असतात, घर लहान असतं, उचलून जिना चढायचा असतो. अशांनी मोठ्या वयाची, सोडून दिलेली छोटी कुत्री शोधावीत. प्रत्येक शहरातल्या प्राणिमित्रांकडे त्यांची यादी असते. ‘मम्मी’ म्हणून निवृत्त झालेल्या कित्येक माद्या त्यात असतात. त्यांना शी-शूचं शिकवावं लागेल, दात काढावे लागतील, विश्वास बसायला वेळ लागेल. पण त्या भुंकणार कशा, वाढणार किती, याची लॉटरी नसते.

आधी आई दाखवा

हा धंदा चालतो तो विकणाऱ्यांच्या जोरावर नाही. आपण फोटो बघून पैसे पाठवतो म्हणून चालतो. तुम्ही हे फोनवर वाचत असाल. त्याच फोनवर उद्या टोपलीतल्या चार पिल्लांचा फोटो येईल. तेव्हा ‘किती क्यूट’ लिहायच्या आधी एवढंच लिहा: आई दाखवा. व्हिडिओ नको, येऊन बघतो. ती कुठे झोपते ते दाखवा. तिचं वय, तिची ही कितवी वेळ, गुडघ्यांचा आणि रक्ताचा रिपोर्ट, नोंदणी. आणि तिचं नाव काय?

तिकडून उत्तर आलं नाही तर तेच उत्तर समजा. फॉरवर्ड करू नका. तीन किलोचं जनावर स्वतःसाठी ग्रुप सोडू शकत नाही. तुम्ही सोडू शकता. आणि घरात मादी असेल तर डॉक्टरांना आजच फोन करून ऑपरेशनची तारीख घ्या.